घर सोडण्याचे पथ्य

सप्टेंबर महिना आला की आपल्या मंडळातील कितीतरी घरांत बडोद्यापेक्षा टेक्सास आणि फ्लॉरिडाचे हवामान अधिक आस्थेने पाहिले जाते. मुले, सुना, जावई तिकडे स्थायिक झालेले. आणि आपल्यापैकी अनेक ज्येष्ठ मंडळी वर्षातील चार-सहा महिने त्यांच्याकडे मुक्कामाला. ‘हरिकेन येत आहे, आईला घेऊन निघावे की थांबावे?’ असा दूरध्वनी मलाही अधूनमधून येतो. संपादकांनी स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह धरला, तेव्हा या प्रश्नासंबंधी आपल्या व्यवसायबंधूंशी चार शब्द बोलावेत असे वाटले.

माझे मत आधीच सांगून टाकतो. वादळापूर्वी वृद्ध व आजारी माणसाला घरातून हलविणे हा केवळ गाडी, पेट्रोल आणि रस्ता यांचा विचार नव्हे. तो वैद्यकीय निर्णय आहे. शस्त्रक्रियेला जसे धोके असतात आणि पूर्वतयारी असते, तशी ती येथेही असते. ही तयारी रुग्णाच्या नातेवाइकांवर सोडून आपण नामानिराळे राहतो, हे मला योग्य वाटत नाही.

२००५ सालच्या दोन घटना डॉक्टरांनी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २९ ऑगस्टला कतरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्सजवळच्या एका शुश्रूषागृहातील वृद्धांना हलविले गेले नाही; तेथे ३५ जण पाण्यात दगावले. त्यानंतर चारच आठवड्यांनी रीटा वादळ टेक्सासच्या रोखाने निघाले. कतरिनाची दृश्ये ताजी होती, म्हणून ह्यूस्टन परिसरातून २५ लाखांहून अधिक माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली. २३ सप्टेंबरच्या पहाटे डॅलसजवळ शुश्रूषागृहातील वृद्धांना घेऊन निघालेल्या बसला आग लागली, आतील ऑक्सिजनची नळकांडी फुटली आणि २३ जण जळून गेले. न हलविल्याने ३५, हलविल्याने २३. रीटाच्या त्या पलायनाशी निगडित मृत्यू शंभराच्या आसपास गेले. प्रत्यक्ष वाऱ्या-पाण्याने दगावलेल्यांपेक्षा हा आकडा कितीतरी पटींनी मोठा होता. आणि वादळ अखेर ह्यूस्टनला टाळून २४ तारखेला पूर्वेकडे, टेक्सास-लुइझियानाच्या सीमेजवळ, किनाऱ्याला लागले.

त्या आठवड्यात मी ह्यूस्टनच्या आग्नेयेस, क्लिअर लेक भागात मुलीच्या घरी होतो. तो भाग समुद्राचे पाणी चढण्याच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे निघण्यावाचून गत्यंतर नव्हते. बुधवारी वादळ सर्वोच्च, म्हणजे पाचव्या श्रेणीचे झाले होते. जावई खिडक्यांवर प्लायवूडच्या फळ्या ठोकीत होते, मुलगी घराचे कागद, पासपोर्ट आणि नातवाचे लसीकरणाचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरीत होती. माझ्या विहीणबाई, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मधुमेह आणि दुर्बल हृदय, देव्हाऱ्यातील देव एका रेशमी वस्त्रात बांधून मला म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, तुम्ही पोरांना घेऊन निघा. मी येथेच देवापाशी बसते.” मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हीच समजवा त्यांना.” समजावण्यात अर्धा तास गेला. मात्र माझे खरे काम पुढेच होते.

काम तसे साधेच. इन्सुलिनच्या कुप्या टॉवेलमध्ये गुंडाळून थंड पेटीत ठेवल्या. बर्फाला थेट चिकटल्या तर इन्सुलिन गोठून निकामी होते, हे घरातील कोणाच्या ध्यानात आले नव्हते. औषधे पंधरा दिवसांची घेतली, कारण औषधांची दुकाने बंद होऊ लागली होती. एका कागदावर निदान, औषधांची मूळ नावे आणि मात्रा लिहिल्या. सर्वांत कठीण प्रश्न फ्रुसेमाइडचा होता. नेहमी तीन तासांचा ऑस्टिनचा रस्ता आम्हांस सतरा तास लागला. उष्मा अडतीस अंशांच्या घरात, पेट्रोल वाचविण्यासाठी गाडीचे वातानुकूलन बंद, आणि मैलोगणती प्रसाधनगृह नाही. विहीणबाई संकोचाने पाणीच पिईनात. लघवी वाढविणारी गोळी सुरू, पाणी बंद आणि वर उन्हाळा, यातून काय उद्भवते हे वाचकांस सांगणे नको. मी त्या दिवसाची मात्रा अर्धी केली, दर तासाला अर्धी वाटी पाणी ठरविले, आणि मुलीने चादरीचा आडोसा करण्याचे पत्करले. त्या ऑस्टिनला सुखरूप पोचल्या. पण आसपासच्या हजारो गाड्यांतील आजी-आजोबांजवळ डॉक्टर बसलेला नव्हता. त्यांना गोळी कमी करायची की नाही, हे निघण्यापूर्वी कोणी सांगितले असेल?

तिकडे या विषयाचा पुढे पुष्कळ अभ्यास झाला. शुश्रूषागृहातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत, वादळापूर्वी हलविलेल्यांचे पुढील तीन महिन्यांतील मृत्यूचे प्रमाण न हलविलेल्यांपेक्षा अधिक आढळले. म्हणून हलवूच नये, असा सरळ निष्कर्ष मात्र काढता येत नाही. २०१७ साली इर्मा वादळात फ्लॉरिडातील एका शुश्रूषागृहाचे वातानुकूलन बंद पडले, रुग्ण आतच ठेवले गेले, आणि रस्त्यापलीकडे रुग्णालय असतानाही उष्म्याने बारा जण दगावले. त्यानंतर त्या राज्याने अशा संस्थांना जनित्र सक्तीचे केले. तिकडील जाणकारांचा साधा नियम मला पटतो: समुद्राचे वा नदीचे पाणी जेथे चढणार तेथून निघावेच, केवळ वारा येणार असेल आणि घर मजबूत असेल, तर थांबावे. मात्र थांबणाऱ्याची वीज ऑक्सिजन यंत्रावर वा फ्रिजमधील इन्सुलिनवर बेतणार असेल, तर त्याने पाणी येणार नसले तरी वेळेत, रस्ते मोकळे असतानाच, निघावे. डायलिसिसच्या रुग्णाने तर निघण्यापूर्वी एक फेरी लवकर उरकून घ्यावी. हे सारे ठरविण्याची वेळ आकाश निरभ्र असताना असते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे कोणी म्हणेल. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ कच्छमधील जखौ बंदराजवळ आले, तेव्हा आपल्या राज्यात एक लाखाहून अधिक लोकांना आधीच हलविण्यात आले. त्यांत अकराशेहून अधिक गर्भवती स्त्रिया होत्या, आणि त्या काळात सातशेच्या आसपास बाळंतपणे सुरक्षित ठिकाणी पार पडली. हे घडू शकले, कारण कोणत्या गावी कोणाचे दिवस भरत आले आहेत याची यादी आरोग्यसेविकांपाशी तयार होती. १९९८ च्या कांडला वादळात हजाराहून अधिक माणसे गेल्याचे ज्यांना स्मरते, त्यांना या यादीचे मोल निराळे सांगावयास नको.

मग हृदयरोग्यांची, ऑक्सिजनवरील रुग्णांची, अंथरुणाला खिळलेल्यांची यादी कोणापाशी आहे? ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि शहराचे कित्येक भाग दिवसेंदिवस पाण्यात राहिले. तेव्हा माझ्याच ओळखीतील दोन वृद्ध वरच्या मजल्यावर अडकले होते. दोघांचाही औषधांचा कागद तळमजल्यावरच्या कपाटात भिजला. नावेतून आलेल्या स्वयंसेवकाने गोळ्यांचा रंग विचारून औषधे आणली. रंगावरून औषध! असो.

पाणी किती चढेल हे प्रशासन सांगू शकेल. कोणता रुग्ण जिना उतरू शकत नाही, हे ते कोठून सांगणार? म्हणून मंडळापुढे माझा प्रस्ताव आहे की, दरवर्षी १५ जूनपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या नियमित रुग्णांपैकी जे स्वतः चालत घराबाहेर पडू शकत नाहीत, अशांसाठी एक पानाचा कागद लिहून द्यावा. त्यावर निदान, औषधांची मूळ नावे, प्रवासात कोणती मात्रा कमी करावी वा थांबवावी, विजेवाचून किती तास निभेल, आणि हलवायचे झाल्यास बसवून की आडवे, एवढे असावे. कागद गुजराती आणि मराठी दोन्हींत असावा, कारण दारात येणारा स्वयंसेवक कोणत्या घरचा असेल ते सांगता येत नाही. एक प्रत घरी प्लॅस्टिकमध्ये, एक परगावी वा परदेशी असलेल्या मुलाकडे. मी या पावसाळ्यापूर्वी असे एकोणीस कागद लिहिले. प्रत्येकास साधारण पंधरा मिनिटे लागली, आणि त्यांतील दहा मिनिटे रुग्णाच्या पत्नीशी किंवा सुनेशी बोलण्यातच गेली.