राणीची तर

स्कॉटलंडमध्ये फोर्थ नदीच्या मुखाशी नॉर्थ क्वीन्सफेरी नावाचे गाव आहे. राणीची तर म्हणून ते नाव. अकराव्या शतकात राणी मार्गारेटने यात्रेकरूंसाठी ही तर चालविली. १०९३ साली तिचे शवही याच पाण्यावरून डन्फर्मलिनला गेले. १८९० मध्ये रेल्वेचा पूल झाला, तरी नावा चालूच राहिल्या. ४ सप्टेंबर १९६४ रोजी मोटारींचा पूल उघडला आणि सुमारे नऊशे वर्षांचे खाते बंद झाले.

पूल हवाच, मी काही इतका भाबडा नाही. पण उभा जन्म बँकेत खर्डेघाशी केलेल्या माणसाला एक खटकते. वाचलेला वेळ आपण जमेस धरतो, नावाड्याची बुडालेली रोजी मात्र कुणी खर्ची टाकीत नाही. पुलाच्या अंदाजपत्रकात तेही कलम असायला हवे, आणि तेही पहिल्या पानावर. २०१७ मध्ये तिथे मोटारींसाठी आणखी एक पूल झाला. त्याचे नाव क्वीन्सफेरी क्रॉसिंग!