विहिरीचे पाणी व उसाचा खरा खर्च

उसाची लागण करताना शेतकरी बेणे, खत, मशागत, मजुरी व वीज यांचा खर्च बारकाईने मांडतो. कारखान्याकडून मिळणाऱ्या रकमेतून हा खर्च वजा केला म्हणजे उरेल तो नफा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या हिशेबात एक रक्कम धरली जात नाही. ऊस घेतल्यामुळे जे पीक घेता आले नाही, त्याचे निव्वळ उत्पन्न हाही उसाचाच खर्च होय. अर्थशास्त्रात यास संधी-व्यय असे म्हणतात. धाराशिवसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हा न दिसणारा खर्च पुष्कळदा सर्वांत मोठा असतो.

या जिल्ह्यातील बहुतेक बागायतदारांची खरी अडचण जमिनीची नसून पाण्याची आहे. सुरू उसास सुमारे २००० मिलिमीटर पाणी लागते. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात वर्षाचा सरासरी पाऊस मात्र ८०० मिलिमीटरपर्यंतही जात नाही. उरलेली तूट विहीर किंवा कूपनलिका भरून काढते. यास्तव पिकाची पारख एकरी उत्पन्नावरून न करता, खर्ची पडलेल्या पाण्यावरून करणे अगत्याचे आहे.

एक साधा हिशेब पाहावा. ७५ मिलिमीटरची एक पाळी म्हणजे एकरी सुमारे ३ लाख लिटर पाणी. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात एक एकर उभ्या उसास अशा ६ पाळ्या दिल्यास १८ लाख लिटर पाणी खर्च होते. हरभऱ्यास फांद्या फुटताना व घाटे भरताना अशा दोन पाळ्या दिल्यास पीक चांगले साधते. म्हणजे तेवढ्याच पाण्यावर ३ एकर हरभरा निघू शकतो. मालदांडी ज्वारीस एक-दोन संरक्षित पाण्याच्या पाळ्या मिळाल्या, तर धान्याबरोबर जनावरांना कडबाही मिळतो. शिवाय ज्या एकरात ऊस उभा असतो, तेथील खरिपाचे सोयाबीन किंवा तूरही हातची जाते, ती वेगळीच.

उसाची बाजूही तितकीच न्यायाने पाहिली पाहिजे. उसाचा किमान दर सरकार ठरविते आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. सोयाबीन व हरभऱ्यास आधारभूत किंमत जाहीर होत असली, तरी बाजारात ती प्रत्येक वेळी पदरात पडतेच असे नाही. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत काढणीस आलेल्या सोयाबीनची जिल्ह्यात मोठी हानी झाली. ऊस अशा पावसात सहसा तग धरतो. तेव्हा शेतकरी उसाकडे वळतो, तो केवळ हौसेने नव्हे. खात्रीलाही मोल आहे, व तेही हिशेबात धरलेच पाहिजे.

परंतु ही खात्री पाण्याच्या खात्रीवर उभी आहे. २०१२-१३ व २०१५-१६ या दुष्काळी वर्षांत जिल्ह्यातील विहिरी आटल्या, गावोगाव टँकर फिरले आणि जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या. उन्हाळ्यात पाणी तुटले म्हणजे वर्षभर शेत अडवून बसलेला ऊस डोळ्यांदेखत वाळतो. बेणे, खत व मजुरी तर बुडतेच, पण सोडून दिलेला हरभरा व ज्वारीही परत मिळत नाही. आणि भूगर्भातील पाणी एकाच्या बांधापाशी थांबत नसल्यामुळे शेजाऱ्याच्या व गावाच्या पिण्याच्या पाण्यावरही त्याचा भार पडतो.

म्हणून पावसाळा सरताच विहिरीची पातळी मोजावी, मागील काही वर्षांत मे महिन्यात किती पाणी उरले होते ते आठवावे आणि मगच लागणीचे क्षेत्र ठरवावे. ज्या विहिरीस मेअखेर पाणी टिकते, तेथे ठिबकवर बेताचा ऊस घेण्यास हरकत नाही. जी विहीर मार्चमध्येच तळ दाखविते, तेथील पाणी रब्बीच्या पिकांस देणेच शहाणपणाचे ठरेल. वहीत उसाच्या खर्चाशेजारी एक ओळ अधिक लिहावी: ‘या पाण्यावर दुसरे काय पिकले असते?’ ती ओळ लिहिल्यानंतरही ऊस फायद्याचा दिसला, तर तो अवश्य लावावा.