ट्राय बाईक, सराटे आणि बारा हजार रुपये

आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर सध्या सबमिशनपेक्षा मोठा विषय एकच आहे. आमच्या पालमच्या मित्राने पुण्याहून एक जुनी ट्रायथलॉनची सायकल विकत आणली. फ्रेम अॅल्युमिनियमची, गिअर मागे 9, हँडलला पुढे दोन शिंगं. आता तिच्यावर खर्च करायला त्याच्याकडे 12 हजार आहेत. शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन वर्षभरात साठवलेले. ते संपले की घरून पुन्हा मिळणार नाहीत, कारण घरी कापूस आणि सोयाबीन आहे, आणि त्याचा भाव काय असतो ते आपल्यापैकी अर्ध्या लोकांना सांगायला नको.

मेसमध्ये ताट घेऊन बसलेला प्रत्येक जण मात्र तज्ज्ञ झालाय. "भाऊ, कार्बनची चाकं टाक, त्याबिगर काही होत नसतंय." "वजन कमी कर राव आधी!" माझं म्हणणं असं की आपण इंजिनिअरिंग शिकतो, तर वहीच्या मागच्या पानावर जरा गणित करावं आणि मग बोलावं.

सायकल आणि स्वार मिळून 80 किलो धरा. रस्ता सपाट, वारा नाही, वेग ताशी 30 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 8.33 मीटर. चाकाचा रोलिंग रेझिस्टन्स म्हणजे वजन गुणिले एक सहगुणक. जुन्या, कडक होऊन भेगा पडलेल्या टायरचा तो 0.008 धरला आणि चांगल्या टायरचा 0.004, तर फरक पडतो 26 वॅटचा. आता हवा. आपल्याकडच्या गरम हवेची घनता 1.1 घ्या. कोपर बाहेर काढून, छाती उघडी ठेवून बसलेल्या माणसाचा सीडीए 0.32 असेल आणि नीट वाकून, कोपर आत घेऊन बसला तर 0.26. सूत्रात घाला, जवळपास 19 वॅट वाचतात. आणि सायकलचं वजन चांगलं एक किलोने कमी केलं तर? सपाट रस्त्यावर एक वॅटसुद्धा नाही. एक तृतीयांश वॅट!

या वेगाला त्या बिचाऱ्याला एकूण लागतात 155 वॅटच्या आसपास. त्यातले 45 टायर आणि बसण्याची पद्धत यांतून सुटतात. आणि आपण चर्चा कशाची करतो, तर कार्बनची. परभणी जिल्हा काही सह्याद्रीत नाही. पालमहून गंगाखेडला जा नाहीतर लोह्याकडे जा, चढ असा फारसा नाहीच. उघडी शेतं आणि समोरून येणारा वारा, हाच आपला घाट. मुंबई–पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' व्हायचं असेल तर वजनाचं बोलू.

शिवाय चाकांची गंमत वेगळीच आहे. ही सायकल जुन्या ट्राय बाईकची असते तशी 650सी चाकांची आहे. रिमवर टायर बसतो तो व्यास 571 मिलिमीटर. हल्लीच्या रेसिंग सायकलींचा 622. म्हणजे नवी भारी चाकं आणली तरी ती या फ्रेममध्ये बसणार नाहीत, ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचणार नाहीत. उलट बाजूने, आपल्या दुकानात मिळतो तो एमटीबीचा 26 चा टायर 559 चा. कागदावर दोन्ही 26 इंचच! त्यामुळे दुकानदार मनापासून "बसतंय की" म्हणतो, आणि ते बसत नाही. 12 मिलिमीटरचा प्रश्न आहे, जोर लावून सुटणारा नाही. 571 चे टायर ऑनलाइन शोधून मागवावे लागतात, निवड कमी असते, आणि मिळतील तेव्हा एक जोडी जास्तीची घेऊन ठेवणं शहाणपणाचं. माझ्या मते 12 हजारांतला मोठा वाटा इथेच जावा.

हवेबद्दल कोणाला पटत नसेल त्याने 1989 ची टूर द फ्रान्स आठवावी. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत 24.5 किलोमीटरची एकट्याने पळवायची शर्यत. ग्रेग लेमाँड 50 सेकंदांनी मागे होता. त्याने हँडलला ट्रायथलॉनवाल्यांचं पुढे आलेलं दांडकं लावलं. पुढे असलेला लाँरा फिन्याँ साध्या हँडलवर, डोक्यावर काही नाही, मागे पोनीटेल. लेमाँड अख्खी टूर 8 सेकंदांनी जिंकला. ते दांडकं आमच्या मित्राच्या सायकलला आधीपासून आहे, फुकट. फक्त त्यावर तो गाडीवर दूध घेऊन निघाल्यासारखा ताठ बसतो. सीट थोडी पुढे, कोपराच्या गाद्या थोड्या जवळ, आणि बाजूने मोबाईलवर एक व्हिडिओ. याला खर्च शून्य. ट्राय बाईकची सीटची नळी साध्या रेसिंग सायकलपेक्षा उभी असते, 76 ते 78 अंश, ती याचसाठी. नाहीतर एवढी फ्रेम घेऊन उपयोग काय? मात्र एकदम खूप खाली वाकायचं नाही. सायकलनंतर पळायचंही असतं. ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन म्हणजे दीड किलोमीटर पोहणं, 40 सायकल आणि 10 पळणं. 2019 साली गोव्यात पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 झाली, तिथे सायकलच 90 किलोमीटर होती. 90 किलोमीटर न टिकणारी पोझिशन कितीही 'एरो' असली तरी फोटोपुरती.

एका बाबतीत मात्र मी कंजुषी करू देणार नाही. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण सगळ्यांनी लिहिलंय की अॅल्युमिनियमला पोलादासारखी एन्ड्युरन्स लिमिट नसते. कमी ताण वारंवार पडला तरी ते कधीतरी थकतंच. वीस वर्षं कोणाच्या तरी घामात भिजलेलं हँडल टेपखाली कसं आहे, हे टेप सोडल्याशिवाय कळत नाही. पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, बोल्टजवळ केसासारखी रेघ दिसली, तर हँडल बदलायचं, बाकी सगळं नंतर. ब्रेकचे रबर, ब्रेकच्या आणि गिअरच्या केबल, हेही नवीन. हे पैसे वेगासाठी नाहीत. 40 च्या वेगात उसाच्या ट्रॅक्टरमागे हँडल हातात आलं तर... असो.

चेन तपासायला दुकान लागत नाही, ड्रॉइंगची स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनच्या 12 पूर्ण कड्या बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच वाढली की बदलायची, नाहीतर ती मागचे दातेही खाऊन टाकते. हबमध्ये सुटे छर्रे आहेत. ते काढून, धुऊन, नवीन ग्रीस भरून बसवणं हे काम पालमच्या बाजारातला कुठलाही जुना सायकल मिस्त्री डोळे मिटून करील. चाकाचा आऊटही तोच काढील. पुण्यातल्या चकचकीत शोरूमपेक्षा त्याच्या हातावर माझा जास्त विश्वास आहे, फक्त गिअरला त्याने हात लावू नये.

परभणीबद्दल एक म्हण आहे, 'बनी तो बनी, नही तो परभणी'. आम्ही तिकडची पोरं ती हसून सांगतो. पण सायकलच्या बाबतीत ती वेगळ्या अर्थाने खरी आहे. 1993 साली स्कॉटलंडच्या ग्रॅएम ओब्रीने स्वतः बनवलेल्या सायकलवर, जिच्यात वॉशिंग मशीनचं बेअरिंग होतं, एका तासात 51.596 किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला. ते बेअरिंग हाताशी होतं आणि सायकलच्या साध्या बेअरिंगपेक्षा चांगलं आहे असं त्याला वाटलं, म्हणून त्याने ते लावलं.

राहिले सराटे. त्यांच्यावर कुठलंच सूत्र चालत नाही. हलका, वेगवान टायर घेतला की गावाकडच्या रस्त्याच्या कडेला सराटा आणि बाभळीचा काटा वाट बघत असतातच. म्हणून माझा सल्ला, शर्यतीचे टायर शर्यतीला आणि पालमला जाताना जुनेच, दोन जादा ट्यूब आणि पंप सीटखाली. 26 वॅट गेले तर गेले, भर उन्हात पाच किलोमीटर सायकल ढकलायला नको.

जाता जाता वर्कशॉपच्या सरांना एक विनंती. गॅदरिंगच्या बॅनरवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात एक प्रेशर गेज असलेला उभा पंप आणि 5 न्यूटन-मीटरला लागणारा छोटा टॉर्क रेंच सहज येईल. चाकाचा आऊट काढायचा स्टँड आम्ही स्वतः वेल्ड करून देऊ, स्क्रॅपमधले अँगल पडलेलेच आहेत. संध्याकाळी 5 ते 6 शेड उघडी राहिली तरी पुष्कळ. टायर यायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर हँडलची टेप सोडून बघायची आहे आणि मिस्त्रीकडून छर्रे आणायचे आहेत. ज्याच्याकडे बरा कॅमेरा असलेला मोबाईल आहे त्याने रविवारी सकाळी 6 वाजता मेन गेटवर यावं.