कबुलीनंतरही अपील असते

मा. संपादक,

गुन्हा कबूल केला की अपिलाचा हक्क संपला, हे गेल्या अंकातील लेखाचे विधान अर्धवट आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 416 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 375) दोषसिद्धीविरुद्धचे अपील रोखते. पण दंडाधिकारी किंवा सत्र न्यायालयाने दिलेली शिक्षा किती असावी आणि ती कायदेशीर आहे का, यावर अपील करता येते.

शिवाय कबुली स्वेच्छेची आणि स्पष्ट हवी. गुजरातमधील हळदभेसळीच्या खटल्यात (कासमभाई शेख, 1980) तडजोडीतून आलेली कबुली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धीच रद्द करून खटला पुन्हा चालवायला लावला. 2006पासून अशा तडजोडीला कायद्याने वाट दिली, तीही ठरावीक गुन्ह्यांपुरती. मुंबई हल्ल्यातील आरोपी कसाबने 20 जुलै 2009 रोजी भर न्यायालयात कबुली दिली, तरी खटला थांबला नाही. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

लेखकाने वासुदेव बळवंत फडके यांचे उदाहरण द्यायला नको होते. शिरढोणच्या या सुपुत्रावर 1879 मध्ये पुण्यात रीतसर खटला चालला. त्यांची रोजनिशी त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेली. रोजनिशी म्हणजे न्यायालयातील गुन्ह्याची कबुली नव्हे. त्यांच्या वतीने उच्च न्यायालयात अपील झाले, ते फेटाळले गेले, आणि एडनच्या तुरुंगात 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा अंत झाला.

वकील परवडत नाही म्हणून ‘कबूल’ म्हणून मोकळे होणाऱ्या गरीब आरोपीला असे लेख चुकीचा सल्ला देतात. त्याला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळू शकतो. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

एक वाचक,
शिरढोण, ता. पनवेल