अद्भुताची प्रेरणा आणि रोजचा व्यत्यय

अद्भुतकथा लिहिणाऱ्याला रोजचा व्यवहार आडवा येतो, हे गृहीतक आपल्या समीक्षेत सहसा तपासले जात नाही. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे उदाहरण त्याला छेद देते. धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीन दशके इंग्रजी शिकविले. अध्यापन, कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे अनुवाद आणि विपुल पत्रव्यवहार, हे सारे वरवर पाहता व्यत्ययच. परंतु ‘पिंगळावेळ’मधील (१९७७) ‘ऑर्फियस’ ग्रीक पुराणकथेतून, तर ‘यात्रिक’ डॉन किहोटेच्या कथेतून आकारास येते. ही सामग्री इंग्रजीच्या अध्यापकाला पेशानेच जवळची होती. ‘रमलखुणा’तील (१९७५) दीर्घकथांची ऐसपैस घडणही फावल्या वेळातील विरंगुळ्याची वाटत नाही.

अर्थात नोकरी लेखक घडविते, असा याचा अर्थ नव्हे. जी. एं.नी सभासंमेलनांपासून स्वतःला कटाक्षाने दूर ठेवले, वर्गापासून नाही. खरा व्यत्यय कोणता, याचा हा विवेक होता. म्हणून त्यांचे अनुवाद आणि पत्रे कथांची पुरवणी म्हणून नव्हे, तर कथाकाराची कार्यशाळा म्हणून अभ्यासली पाहिजेत. तासांच्या ओझ्याखाली लेखन थांबले म्हणणाऱ्या अध्यापकालाही त्यातून काही विचारता येईल.