मधल्या पायऱ्या

कुठल्याही मराठी माणसाला 'तुझं आवडतं पुस्तक कोणतं?' असं विचारून बघा. उत्तर आधीच पाठ असतं. 'मृत्युंजय', 'स्वामी', 'ययाती', पु.लं.चं एखादं. जरा वेगळं दिसायचं असेल तर 'कोसला'. प्रश्न ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचारला असेल तर सवयी बदलण्यावरचं किंवा श्रीमंत होण्यावरचं एखादं इंग्रजी पुस्तक. यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण या यादीत नारायण धारप कधीच येत नाहीत. बाबूराव अर्नाळकर येत नाहीत. सुहास शिरवळकर आलेच तर 'दुनियादारी'पुरते, तेही २०१३ साली सिनेमा आला म्हणून. जरा खोदून विचारलं की मग हळूच कबुली मिळते, "हो, वाचलेत ना धारप. लहानपणी."

हे 'लहानपणी' मला फार खुपतं. जणू धारप म्हणजे कांजिण्या! एकदा येऊन गेल्या, आता परत यायच्या नाहीत.

पुण्यातल्या एका वाचनगटात मी काही महिने जात होतो. चांगली, भरपूर वाचणारी माणसं होती. तिथे एकदा मी भयकथेवर बोलू का असं विचारलं, तर एक काका हसून म्हणाले, "बोल की, पण शेवटी दहा मिनिटं उरली तर." उरली नाहीत, हे सांगायला नकोच. त्या दिवशी दीड तास एका ऐतिहासिक कादंबरीवर चर्चा झाली आणि त्या दीड तासात पुस्तकाबद्दल एकही वाकडा प्रश्न कोणी विचारला नाही. माझं भांडण नेमकं इथे आहे. आपल्याकडे पुस्तकाची परीक्षा होत नाही, पुस्तकाच्या जातीची होते. कादंबरी ऐतिहासिक असेल तर पास. रहस्यकथा असेल तर पेपर न तपासताच नापास.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षीच शिकवतात. सॉफ्टवेअर ज्यासाठी बनवलंय त्याच्या टेस्ट केसेस त्याला लावायच्या. पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरला व्हिडिओ गेमच्या टेस्ट लावून ते फेल केलं तर टेस्टरला घरी पाठवतील. पुस्तकांचंही तसंच आहे. प्रत्येक प्रकार वाचकाशी एक करार करतो. रहस्यकथा म्हणते, मी तुला सगळे धागे दाखवीन, तरी फसवीन. भयकथा म्हणते, दिवा बंद करायला तुझा हात धजणार नाही. विज्ञानकथा म्हणते, एक 'समजा' मान्य कर, पुढचं सगळं तर्काने येईल. ज्याने करार पाळला ते पुस्तक चांगलं, नाही पाळला ते वाईट. इतकं सोपं आहे हो.

आता कोणी म्हणेल, म्हणजे सगळं सारखंच का? अर्नाळकर आणि जी. ए. एका रांगेत? अजिबात नाही. उलट मला म्हणायचंय की जरा कडक तपासा, पण आधी वाचा तरी.

अर्नाळकरांपासूनच सुरुवात करू. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. झुंजार, धनंजय, काळा पहाड. एवढ्या वेगाने लिहिल्यावर सगळ्या कथा चांगल्या कशा असतील? नाहीतच. मी वाचलेल्यांपैकी कितीतरी कथांत गुन्हेगार तर्काने सापडत नाही, योगायोगाने हाती लागतो. रहस्यकथेत हा करारभंग आहे आणि तो मांडायलाच हवा. पण त्याच कथांमध्ये पहिल्या पानावर वाचकाची कॉलर धरायची जी ताकद आहे ती आपल्या किती 'दर्जेदार' कादंबऱ्यांत आहे? त्यांत तर पहिली तीस पानं पाऊस पडत असतो आणि नायक खिडकीत उभा असतो.

शिरवळकरांचं गणित वेगळं. त्यांचा वकील अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की उलटतपासणीची लय जमते. मराठीत संवादावर कथा पेलणारे लेखक तसे कमीच, त्यात शिरवळकरांना मी बराच वर ठेवतो. खटकतं ते हे की त्यांच्या हिरोंना स्वतःच्या हुशारीचं जरा जास्तच कौतुक असतं. तेविसाव्या वर्षी ते भारी वाटलं होतं, आता थोडं दमवतं. पण 'दमवतं' हे मत पुस्तक वाचून झालेलं आहे, कव्हर बघून नाही.

आणि धारप. त्यांची समर्थांच्या कथांची मालिका लोकप्रिय आहे, पण माझ्या मते त्यांचं उत्तम लेखन समर्थ नसलेल्या कथांमध्ये सापडतं. कारण साधं आहे. समर्थ दारात आले की भीती संपते. आता हे जिंकणार हे आपल्याला कळलेलं असतं. जिथे सोडवायला कोणीच येत नाही, तिथे धारप खरे घाबरवतात. भाषा कशी, तर एखाद्या तपासणी अहवालासारखी कोरडी. किंकाळ्या नाहीत, उद्गारचिन्हांचा पाऊस नाही. वाडा, माळा, बंद खोली, नात्यातलीच एखादी म्हातारी. भीती बाहेरून येत नाही, घरातच असते. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे, हा मुद्दा धारपांविरुद्ध हमखास काढला जातो. काढावाच. पण मग पुढचा प्रश्नही विचारावा. अमेरिकन गावातलं दुष्टत्व मराठी गावात आणताना काय बदललं? इथला देव, इथली वाडासंस्कृती, इथलं गप्प बसणं यांनी त्या गोष्टीचं काय केलं? रूपांतराचा यापेक्षा चांगला अभ्यासविषय कुठे मिळणार?

२०१८ साली 'तुम्बाड' आला तेव्हा माझ्या टीममधले उत्तर भारतीय मित्र वेडे झाले होते. २०२४ मध्ये तो परत लागला तेव्हाही गर्दी झाली. त्या सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलंय, आणि गोष्टीचं बीज धारपांच्या कथेतून. म्हणजे बघा, नाव प्रतिष्ठित शेल्फवरून घेतलं आणि भीती लाजेच्या शेल्फवरून. दिग्दर्शक राही अनिल बर्वे मराठी, सिनेमा हिंदी. मराठीत आपण अजून 'लहानपणी वाचलेत' करतोय.

"पण नारळीकरांना तर आपण मान दिला की!" हो, दिला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून. पहिला नंबर आला. इतका सच्चा माणूस. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये गेले. पण मला प्रामाणिकपणे सांगा, तो मान विज्ञानकथेला होता की केंब्रिजहून आलेल्या खगोलशास्त्रज्ञाला? विज्ञानकथेला असता तर आज दुकानात मराठी विज्ञानकथेचा एक तरी धड कप्पा दिसला असता.

नारळीकरांवरही मला बोलायचंय. 'उजव्या सोंडेचा गणपती'मधली कल्पना बघा. माणसाची डावी-उजवी बाजूच आरशातल्यासारखी उलटली तर? आणि ती त्यांनी कुठे नेऊन ठेवली, तर क्रिकेटच्या मैदानावर! अवघड गणित अस्सल मराठी घरात आणि क्रिकेटमध्ये आणायचं हे त्यांचं कसब. पण त्यांची पात्रं बऱ्याचदा कल्पना वाहून नेणारे हमाल असतात. कथा संपल्यावर कल्पना लक्षात राहते, माणूस राहत नाही. हे म्हटल्याने नारळीकर लहान होत नाहीत. त्यांची कथा आपण कथा म्हणून वाचली, एवढंच सिद्ध होतं.

आता प्रतिष्ठित शेल्फकडे येऊ. ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीचाही एक करार आहे. जे घडलं किंवा जे मूळ ग्रंथात आहे, त्याच्याशी मी खेळेन, पण खेळतोय हे लपवणार नाही. हा करार कोण तपासतं? आपल्या पुण्यातच भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, 'मृत्युंजय' प्रसिद्ध झाली. या दोनांपैकी महाराष्ट्राने कर्ण कुठून घेतला हे सांगायला नको. कादंबरीने कर्णाला नायक करावं, तो तिचा हक्कच आहे. सावंतांची भाषा मला आजही ओढून नेते. पण आपण कादंबऱ्या वाचून, मालिका बघून ते सगळं व्यासांच्या नावावर खपवतो. द्रौपदीने दुर्योधनाला 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच' असा टोमणा मारला म्हणून युद्ध झालं, असं छातीठोक सांगणारे मला दर महिन्याला भेटतात. चिकित्सक आवृत्तीत तो टोमणा नाही. प्रतिष्ठित प्रकाराला प्रश्नच विचारायचे नाहीत, ही सवय अशी महाग पडते.

सेल्फ-हेल्पला तर त्याहून मोठी सूट. 'द सीक्रेट' (२००६) सांगतं की मनापासून विचार केला की ती गोष्ट तुमच्याकडे ओढली जाते. हा जगाबद्दलचा दावा आहे, कथा नाही. दाव्याला पुरावा मागायचा असतो. दिवसभर लॉग बघून बग शोधणारी आमची मंडळी इथे मात्र मान डोलावतात, आणि हीच मंडळी भूतकथेला 'अंधश्रद्धा' म्हणतात! अरे बाबा, धारप निदान 'ही गोष्ट आहे' असं सांगून घाबरवत होते.

"पण हा सगळा टाइमपास, साहित्य नव्हे" असं ज्यांना अजूनही वाटतंय त्यांनी बंगालकडे बघावं. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी १९३२ पासून व्योमकेश लिहिला. सत्यजित राय जगभर मान मिळालेले दिग्दर्शक, आणि १९६५ पासून शेवटपर्यंत ते 'फेलुदा' लिहीत राहिले, तेही मुलांच्या 'संदेश' मासिकातून सुरू करून. शिवाय प्रोफेसर शोंकू. माझ्या बंगाली रूममेटला रवींद्रनाथ आणि फेलुदा एका दमात सांगताना मी ऐकलंय. त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. 'लहानपणी' हा शब्दही तो वापरत नाही.

हे सगळं इतकं मनाला लावून घ्यायचं कारण माझा भाचा. बारा वर्षांचा आहे. फास्टर फेणे त्याला प्रचंड आवडला, भा. रा. भागवतांची जादू अजून चालते. सगळी पुस्तकं संपवून तो म्हणाला, "मामा, आता पुढचं काय?" या प्रश्नाला घरातल्या मोठ्यांनी एकमुखाने उत्तर दिलं, "आता 'मृत्युंजय' वाच." त्याने वीस पानं वाचली, आणि मग हॅरी पॉटर उघडलं. परत मराठीकडे आलेला नाही. चूक त्याची नाही. फुरसुंगीच्या बनेश फेणेवरून एकदम हस्तिनापुरात उडी मारायला सांगितली आपण त्याला. मधल्या पायऱ्या कुठे आहेत? होत्या. झुंजार होता, अमर विश्वास होता, धारप होते, मतकरींच्या गूढकथा होत्या, नारळीकर होते. आपण त्यांची लाज धरली, म्हणून त्या घरातल्या कपाटात राहिल्या नाहीत. आणि वरच्या जिन्यावर उभं राहून आता विचारतोय, हल्लीची मुलं मराठी का वाचत नाहीत?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ग्रुपवर सगळ्यांनी फेटे बांधलेले फोटो टाकले. आनंद मलाही झाला. पण दोन हजार वर्षांपूर्वी भाषा होती हे सिद्ध करणं एक, आणि पुढच्या वीस वर्षांत ती कोणी रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचेल याची सोय करणं दुसरं. टॉर्च लावून कोणी ज्ञानपीठविजेती कादंबरी वाचत नाही हो. सवय आधी लागते, अभिरुची नंतर येते.

असो. फार झालं. मागणं एवढंच की पुढच्या वेळी कोणी आवडतं पुस्तक विचारलं तर जे खरंच आवडलंय ते सांगा, 'लहानपणी' न लावता. एखादं टाकाऊ वाटलं तर का टाकाऊ तेही सांगा, प्रकाराचं नाव घेऊन पळ काढू नका. आणि घरात बारा-तेरा वर्षांचं कोणी असेल तर त्याच्या हातात या महिन्यात एक मराठी रहस्यकथा पडू द्या.

आणि हो, काळा पहाडची जुनी पुस्तकं कोणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. मला कळवा, रविवारी येऊन घेऊन जातो :)