केमिस्ट्री पाठच करायची असते, म्हणणाऱ्यांना

जळगावात किंवा धुळ्याच्या देवपुरात अकरावी सायन्सच्या प्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या कानावर एक हिशेब हमखास पडतो. केमिस्ट्री हा पाठांतराचा विषय, प्रॅक्टिकलचे मार्क मिळतातच, तेव्हा पोराने लॅबमध्ये वेळ न घालवता क्लासला बसून एमसीक्यू सोडवावेत.

हा हिशेब करणारी माणसे अडाणी नाहीत. बारावी बोर्डात केमिस्ट्रीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे. पण इंजिनिअरिंगचा क्रमांक लागतो सीईटीवर. तिथे केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, सगळे पर्यायी उत्तरांचे. नीटमध्ये ४५ प्रश्न, १८० गुण. ब्युरेट धरता येते का, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही, आणि बोर्डाचे गुण पात्रतेपुरते उरतात. आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे.

केमिस्ट्री घोकावी लागते, कारण पोराने पदार्थ पाहिलेलाच नसतो. त्यात घरी अहिराणी, दहावीपर्यंत शाळेत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. समजले नाही की पाठ करणे ओघानेच आले. दोष मात्र विषयाच्या माथी!

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे टायट्रेशन घ्या. आम्लाचे द्रावण गरम करून त्यात परमँगनेट थेंबाथेंबाने सोडतात. पहिल्या थेंबांचा जांभळा रंग रेंगाळतो, जायला वेळ घेतो. पुढचे थेंब मात्र पडताक्षणी रंगहीन होतात. असे का? अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे तिचा वेग वाढवतात. हे ज्याने फ्लास्क हलवताना पाहिले, त्याला ‘ऑटोकॅटॅलिसिस’ची व्याख्या घोकावी लागत नाही आणि तापमान व वेग यांच्या संबंधावरचा प्रश्न त्याला परका वाटत नाही. तीच गोष्ट नायट्रेटच्या परीक्षेची. तीव्र सल्फ्युरिक आम्ल नळीच्या कडेने सावकाश सोडले तर दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडे उमटते. घाईने ओतणाऱ्याचे कडे विस्कटते. ‘कडेने’ हा शब्द पुस्तकात का आहे, हे त्याला त्या दिवशी कळते. एमसीक्यूतले चार पर्याय अशाच पोराला लवकर सुटतात. म्हणजे क्लासवाल्यांच्याच तराजूत तोलले तरी लॅब तोट्याची ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे पुस्तकी आहे, आपल्या खान्देशात त्याचा काय संबंध? हा आक्षेप तर निव्वळ आळसाचा. आज सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ साली अमळनेरात सुरू झाली ती वनस्पती तूप बनवण्यासाठी. द्रव तेलात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन घालून ते घट्ट करायचे, हेच त्या धंद्याचे मूळ. ते समीकरण आज सायन्सच्या वहीत असते, पण अमळनेरचे नाव त्याच्या शेजारी कोणी लिहीत नाही. रावेर-यावलची केळी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीनवर पिकवतात. त्याची परवानगी आहे, तीही १०० पीपीएमपर्यंतच. कार्बाइडवर बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनसोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसच्या विषारी वायूंचे अंश येतात. जळगावच्या सराफ बाजारात नायट्रिक आम्लाला दाद न देणारे सोने आम्लराजात विरघळते. आणि ठिबक सिंचनाच्या प्लास्टिक नळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगावाला पॉलिमरचा धडा परका वाटावा, ही गंमतच म्हणायची.

‘पोराला डॉक्टर व्हायचे आहे, केमिस्ट नव्हे’ असेही म्हणतात. व्हावे की. पण नीट देणाऱ्या सगळ्यांना एमबीबीएस मिळत नाही. उरलेल्यांपैकी कितीतरी जण बीएस्सी किंवा फार्मसीकडे वळतात, काही जण ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आणि पुढे अंकलेश्वर-वापीच्या कारखान्यांत जातात. तिथे पहिल्याच दिवशी हातात काचेची भांडी येतात. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस शिरपूरजवळच्या वाघाडीत रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली. त्यानंतरही धुळे जिल्ह्यात कोणी केमिस्ट्रीला नुसता मार्कांचा विषय म्हणावे, हे अजबच.

खरा आक्षेप एकच उरतो: तालुक्याच्या कॉलेजात धड लॅब आहे का? अनेक ठिकाणी उत्तर अवघड जाईल. तरी सुरुवातीला फार सामग्री लागत नाही. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला की ती काळीनिळी होते. पूर्ण पिकलेल्या केळ्यावर तो रंग फिका पडतो, कारण स्टार्चची साखर झालेली असते. बारावीचा जैवरेणूंचा धडा इथून उघडता येतो, आणि केळे तर खान्देशात बाराही महिने मिळते. मात्र एवढ्यावर कॉलेजची सुटका होऊ देऊ नये. प्रवेशाच्या टेबलावर पालक निकालाची टक्केवारी विचारतातच. तिथेच आणखी दोन प्रश्न विचारावेत: आठवड्याला प्रॅक्टिकलचे तास किती होतात, आणि जर्नलमधली रीडिंग पोरे स्वतः घेतात की गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवतात?